सरकारी आयटीआयचा वीजतंत्री ट्रेड : गल्ल्यावरून उठून केलेल्या कोर्सचा हिशेब

आधी निकाल सांगते : पाचपैकी चार. कापलेला एक गुण कशाचा ते पुढं येईलच. हा अभिप्राय सरकारी आयटीआयच्या दोन वर्षांच्या वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, ट्रेडबद्दल आहे. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं कुठल्याही तालुक्याच्या आयटीआयला लागू पडेल, आणि जे पडणार नाही ते त्या एका इमारतीच्या माथी मारायची माझी इच्छा नाही. तिथल्या लोकांनी मला बरंच दिलंय.

जयसिंगपूरला आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी गल्ल्यावर. दीडची वायर, अडीचची वायर, बत्तीसचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), सहा मॉड्यूलची प्लेट, सगळं भावासकट पाठ. जुने मिस्त्री अजून 'वैनी, सात-वीस हाय का?' असं जुन्या गेजात विचारतात आणि मी नव्या मापाचं बंडल काढून देते. पण ती वायर भिंतीत गेल्यावर पुढं काय करते, याचा मला पत्ता नव्हता. 'एमसीबी खराब आहे, सारखा पडतोय' म्हणून कुणी परत आणून दिला की आम्ही तो कंपनीकडं धाडायचो. कंपनी तो तपासून 'माल चांगला आहे' म्हणून आमच्याकडं परत धाडायची. मधल्यामधे गिऱ्हाईक तुटायचं. एमसीबी पडतोय म्हणजे तो आपलं काम करतोय, पुढं लोड जास्त झालाय किंवा कुठंतरी शॉर्ट आहे, एवढं सांगायलाही आमच्या दुकानात कुणी नव्हतं.

तिशी ओलांडल्यावर आयटीआयचा अर्ज भरला. पुष्कळांना वाटतं की वय निघून गेलं. तसं नाही. किमान वय १४ आहे, वरची मर्यादा नाही. वीजतंत्रीला दहावी पास लागते, गणित-विज्ञानासह. आठवी पास असाल तर शेजारचा तारतंत्री, म्हणजे वायरमन, ट्रेड आहे, तोही दोन वर्षांचाच. महाराष्ट्रात प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं, दहावीच्या गुणांवर, फेऱ्याफेऱ्यांनी होतात. मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात. वीजतंत्रीच्या एका तुकडीत वीस जागा, आणि हा ट्रेड पहिल्या फेऱ्यांतच भरतो, त्यामुळे पसंतीक्रमात तो वरच टाका. 'बघू, खाली कुठंतरी टाकून ठेवू' असं केलंत तर शेवटी भलतंच काहीतरी पदरात पडेल.

घरात सासऱ्यांना, आम्ही त्यांना मामा म्हणतो, विचारलं. ते म्हणाले, 'शीक की. पर दुपारनंतर दुकान तुझं.' मला सकाळची पाळी मिळाली, म्हणून ते जमलं. फी म्हणाल तर सरकारी संस्थेत वर्षाची फी आमच्या दुकानातल्या अडीचच्या एका चांगल्या बंडलापेक्षा कमी होती. खासगी आयटीआयची फी याच्या कितीतरी पट असते, तेव्हा गुण असतील तर सरकारीच धरा.

आता माल कसा आहे ते सांगते.

पहिले काही आठवडे विजेला हातच लावू देत नाहीत. सुरक्षा, आग कुठल्या प्रकारची आणि तिला कुठलं अग्निशामक, शॉक लागलेल्या माणसाला आधी सप्लायपासून तोडायचं कसं, कृत्रिम श्वास कसा द्यायचा. मग फाइलिंग. लोखंडाचा तुकडा शिकंजात धरून कानस घासत बसायचं, गुण्या लावून काटकोन बघायचा, परत घासायचं. पोरं वैतागली होती. 'आम्ही काय जोडारीला (फिटरच्या ट्रेडला) आलोय का?' असं एकानं विचारलंच. मला मात्र ते पटलं. पॅनेलच्या पत्र्याला भोक पाडताना, डीबी (एमसीबी बसवायची पेटी) सरळ बसवताना, क्लॅम्प वाकवताना तोच हात लागतो. ज्यांनी तिथं चुकारपणा केला त्यांच्या केसिंगच्या पट्ट्या आजही वाकड्याच असतील.

त्यानंतर जॉइंट. ही प्रशिक्षण योजना देशात १९५० साली सुरू झाली, आणि काही प्रात्यक्षिकं तेव्हापासून जागची हलली नसावीत असं जॉइंट शिकताना वाटतं. ब्रिटानिया जॉइंट, मॅरीड जॉइंट, वेस्टर्न युनियन जॉइंट. उघड्या जाड तारांचे हे जोड. आमच्या गावात घराचं काम करणारा कुणीही आयुष्यात ब्रिटानिया जॉइंट मारणार नाही. तरी त्यातून एक गोष्ट बोटांत बसते : जोड तारेइतकाच पक्का हवा, आणि तो ढिला राहिला की तापतो. सॉकेट काळं पडलेलं दिसलं की मी आता आधी टर्मिनलचा स्क्रू बघते. दहातली आठ सॉकेट तिथंच जळालेली असतात.

वायरिंगचा भाग सगळ्यांचा आवडता. लाकडी बोर्डावर जिन्याचं वायरिंग, गोदामाचं, वसतिगृहाचं. जिन्याचा दिवा खालून लावून वरून बंद करायचा, टू-वे स्विच कसे जोडायचे, हे आधी कागदावर काढायचं आणि मग बोर्डावर करायचं. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा अठरा-अठरा वर्षांच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग अर्थिंग : अडीच मीटरचा पाइप, खड्डा, मीठ आणि कोळसा, आणि अर्थ टेस्टरनं मोजणी. मोजणी हा त्यातला खरा धडा. आमच्याकडं घराघरात अर्थिंगची हिरवी वायर सॉकेटपर्यंत येते आणि तिचं दुसरं टोक कुठं गेलंय ते घरमालकालाही ठाऊक नसतं. काही महाभाग तर सॉकेटच्या आतच न्यूट्रलमधून अर्थच्या पिनला एक तुकडा जोडून मोकळे होतात. टेस्ट लॅम्प लावला की लागतो, गिऱ्हाईक खूश. वरच्या पोलावर कधी न्यूट्रल तुटला तर त्या घरातल्या फ्रिजची बॉडी जिवंत होणार, हे त्याला कोण सांगणार?

दुसरं वर्ष मशिनांचं. डीसी मोटर, अल्टरनेटर, इंडक्शन मोटर, स्टार्टर, कंट्रोल पॅनेल, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, इन्व्हर्टर, थोडं सोलर. माझा जीव रमला तो रिवाइंडिंगमधे. जळकी मोटर उघडायची, जुन्या कॉइलचे वेढे मोजायचे, कुठल्या स्लॉटमधून कुठल्या स्लॉटमधे गेलीय ते कागदावर उतरवून घ्यायचं, मग स्लॉटमधे इन्सुलेशनचा कागद, नवी कॉइल, स्लीव्ह, वार्निश. आमच्या भागात पंपाच्या मोटरी जळणं हे बारमाही पीक. उसाला पाणी रात्रीचं, तीनपैकी एक फेज गेला, मोटर घरघरत दोनच फेजवर चालत राहिली आणि पहाटेपर्यंत वाइंडिंग कोळसा. शेतकऱ्यानं झोपमोड नको म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच लावलेला असतो, त्यामुळे गावातले सगळे पंप लाइट आल्याआल्या एकदम उठतात, व्होल्टेज कोसळतं, आणि मोटरी तापतात. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. मला ते वाक्य जाहिरातीत वाचून कधी कळलं नव्हतं. जळक्या मोटरीचे दोन फेज काळे आणि एक तसाच लालसर चकचकीत बघितला, आणि सिंगल फेजिंग म्हणजे काय ते डोळ्यांनी कळलं. (स्टार आणि डेल्टा म्हणजे मोटरीची तीन वाइंडिंग एकमेकांना जोडायच्या दोन पद्धती. मोटर स्टार जोडणीत असली की असं दिसतं. डेल्टात उलटं, एकच काळा. हे सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं होतं, म्हणून लक्षात आहे.)

गुण कापायची जागा आता आली. एक तर शिकवणारे कमी. आमच्याकडं काही महिने एकाच निदेशकावर दोन तुकड्या होत्या. सर चांगले होते, पण माणूस एकाच वेळी दोन कार्यशाळांत कसा उभा राहणार? मग एक तुकडी वहीत आकृत्या उतरवत बसते. दुसरं, सामान मोजकं. वीस जणांत मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, एक. पुढं हात घालणारा शिकतो, मागं उभा राहणारा जर्नल भरतो. पण खरा कापलेला गुण तिसऱ्या गोष्टीचा : बिघाड शोधणं फार कमी शिकवतात. आयटीआयच्या बोर्डावरचं वायरिंग आपणच केलेलं असतं, नवं, सरळ, रंगांप्रमाणे. बाहेर जे भेटतं ते एकानं केलेलं, दुसऱ्यानं वाढवलेलं आणि तिसऱ्यानं गिलाव्यात गाडलेलं असतं.

उदाहरण सांगते. शिक्षण संपल्यावर एका बंगल्यात बोलावणं आलं. आरसीसीबी बसवल्यापासून घर सारखं अंधारात जातंय. आधीच्या मिस्त्रीनं निदान केलं होतं की आरसीसीबीच भिकार आहे, काढून टाका. आरसीसीबी काय करतो? फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का ते बघतो. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीत फरक तेवढ्यावर जायच्या आतच तो तोडतो, कारण हरवलेला करंट कदाचित माणसाच्या अंगातून जमिनीत जात असेल. त्या घरात करंट कुणाच्याच अंगातून जात नव्हता. इन्व्हर्टरची लाइन नंतर ओढलेली, तिचा फेज वेगळा, पण न्यूट्रल जवळचा सापडला म्हणून मेनच्या न्यूट्रलला नेऊन बांधलेला. एका वाटेनं गेलेला करंट दुसऱ्या वाटेनं परत येत होता, आणि आरसीसीबी बिचारा हिशेब लागत नाही म्हणून दुकान बंद करत होता. एकेक सर्किट सोडवत, मेगर लावत, न्यूट्रल वेगळे करेपर्यंत संध्याकाळ झाली. आरसीसीबीचं तत्त्व मला आयटीआयनं शिकवलं होतं. घरात तो असा का वागतो हे कुणी दाखवलं नव्हतं. प्रत्येक आयटीआयनं एक खोली अशी मुद्दाम बिघडवून ठेवली पाहिजे, आणि दर आठवड्याला बिघाड बदलला पाहिजे. खर्च काही नाही, खट डोक्याचा एक निदेशक पुरे.

परीक्षेबद्दल थोडक्यात. लेखी परीक्षा संगणकावर, पर्याय निवडायचे. प्रात्यक्षिकात साठ टक्के लागतात, लेखीत तेहेतीस. म्हणजे हातावर भर आहे, आणि ते रास्तच. हजेरी ऐंशी टक्के. नोकरी किंवा दुकान सांभाळून करणाऱ्यांनी हा हजेरीचा आकडा आधी नीट वाचावा, कारण लग्नसराई आणि यात्रा-जत्रा त्यात बसत नाहीत. पास झाल्यावर मिळतं ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, एनटीसी. केंद्राच्या राष्ट्रीय परिषदेची (पूर्वी एनसीव्हीटी, आता एनसीव्हीईटी) मान्यता असलेल्या ट्रेडचंच ते मिळतं, म्हणून खासगी संस्थेत नाव घालताना 'आमच्याकडं आयटीआयसारखाच कोर्स आहे' या वाक्यातल्या 'सारखाच'कडं लक्ष द्या.

पुढचा टप्पा शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिस, आणि माझ्या मते अर्धं शिक्षण तिथं होतं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखाने, महामंडळं, वीज कंपन्या मुलं घेतात. नोंदणी केंद्र सरकारच्या पोर्टलवर होते. महावितरण घेतं, एसटी घेते, पुण्याकडच्या मोटारींच्या कारखान्यांना तर वीजतंत्री लागतातच. विद्यावेतन फार नसतं. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान सात हजार धरले होते. पोरं इथंच गळतात. 'बाहेर हेल्पर म्हणून गेलो तरी जास्त मिळतात' असं म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण हेल्परला पाच वर्षं झिरी पाडायलाच, म्हणजे पाइपासाठी भिंत खोदायलाच, लावतात.

मला घराजवळ एका साखर कारखान्यात मिळालं, आणि ऑफ सीझनला हजर झाले हे माझं नशीब. गाळप चालू असताना कारखाना थांबवता येत नाही, बिघडलं की मोटर बदल आणि पळ. सगळं उघडतात ते पावसाळ्यात. मिलच्या, पंपाच्या, सेंट्रिफ्यूगलच्या, कन्व्हेअरच्या मोटरी एकामागून एक पायावरून उतरवतात. प्रत्येकीचं बेअरिंग बघायचं, वाइंडिंगवरची मळी आणि धूळ साफ करायची, मेगर लावून रीडिंग वहीत टाकायचं. चारशेपंधरा व्होल्टच्या मोटरीला पाचशे व्होल्टचा मेगर, आणि रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं की ती मोटर दमट. मग तिला उष्णता देऊन सुकवायची, परत मोजायची. दोन दिवसांत रीडिंग चढत जातं ते वहीत बघायला मला फार आवडायचं. पॅनेलमधले कॉन्टॅक्टर उघडून काळे पडलेले कॉन्टॅक्ट बदलणं, वायरींना नंबरचे फेरूल (खुणेच्या नळ्या) घालणं, ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) किती अँपिअरवर ठेवलाय ते मोटरीच्या नावपाटीशी ताडून बघणं. तिथले फोरमन, सगळे त्यांना आण्णा म्हणत, एकच वाक्य दिवसभर म्हणायचे, 'आधी बंद कर, मग बंद आहे का बघ, मग हात लाव.' स्विच खाली आहे यावर विश्वास नाही, टेस्टर लावून बघायचं. आणि बघण्याआधी तो टेस्टर चालू सॉकेटवर लावून चालतोय का तेही बघायचं. मेन स्विचला कुलूप आणि त्यावर आपल्या नावाची पाटी. किल्ली आपल्याच खिशात. आयटीआयमधे हे सगळं धडा म्हणून पाठ केलेलं होतं. इथं त्या कुलपाशिवाय आण्णा कुणाला शिडीवर चढू देत नव्हते.

बाईमाणूस म्हणून विचारणाऱ्यांसाठी : आमच्या तुकडीत मुली थोड्या होत्या, पण होत्या. पोरं मला आधी मॅडम म्हणायची, मग ताई, आणि दुसऱ्या वर्षी कुणाला जर्नल हवं असलं की 'ताई, तेवढं द्या ना'. पोलावर चढणं, जड मोटर उचलणं यावरून टोमणे येतात. जड मोटर कुणीच हातानं उचलत नाही, चेन पुली असते. उलट आता घरकामाला गेले की घरातल्या बायका मोकळेपणानं सांगतात, मिक्सर लावला की झटका बसतो, बाथरूमच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. हे त्यांनी पुरुष मिस्त्रीला सांगितलेलं असतं, पण त्यानं 'ओल्या हातानं लावला असंल' म्हणून टाळलेलं असतं. नळाला मुंग्या म्हणजे गिझरमधे गळती आणि अर्थिंग नाही. तो गिझर त्या क्षणी बंद करायचा असतो.

आता परवाना. इथं सगळ्यात जास्त घोळ आहे, म्हणून सावकाश सांगते. आयटीआय पास झालं म्हणजे शिक्षण झालं. घरा-कारखान्यातलं वायरिंगचं काम कायद्यानं करायचं तर राज्याचा परवाना वेगळा लागतो. पूर्वी १९५६ च्या वीज नियमांत हे पंचेचाळिसाव्या नियमात होतं, आता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत आहे. ते २०१० ला आले आणि २०२३ ला नव्यानं निघाले. सार तेच : नवं काम, वाढीव काम, फेरफार, दुरुस्ती ही परवानाधारक विद्युत ठेकेदारानंच करायची, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, आणि हात लावणाऱ्याकडं तारतंत्रीचा परवाना हवा. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारख्या कामांना सूट आहे. म्हणजे तीन पायऱ्या झाल्या : तारतंत्री, पर्यवेक्षक, ठेकेदार. महाराष्ट्रात हे देतं मुंबईचं अनुज्ञापक मंडळ, पण बाजारात आजही सगळे याला 'पीडब्ल्यूडीचं लायसन' म्हणतात.

वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड पास असाल तर तारतंत्री परवान्यासाठी मंडळाची परीक्षा वेगळी द्यावी लागत नाही, प्रमाणपत्र जोडून अर्ज करता येतो. दोन वर्षं घालवण्याचं हे एक मोठं कारण, आणि प्रवेश घेताना मला ते कुणीच सांगितलं नव्हतं. पर्यवेक्षकासाठी त्यावर अनुभव लागतो. डिप्लोमा-पदवीवाल्यांना ती पायरी जवळची. आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तेव्हा ज्यांना पुढं स्वतःची ठेकेदारी काढायची आहे त्यांनी तिकडंही बघावं. आमच्या तुकडीतली दोघं गेली.

या परवान्यांचा बाजारात काय खेळ होतो तेही दुकानदार म्हणून बघितलंय. नवं कनेक्शन घ्यायला अर्जासोबत टेस्ट रिपोर्ट लागतो. ठेकेदारानं जागेवर जाऊन इन्सुलेशन मोजलं, अर्थिंग मोजलं, आणि सही-शिक्का दिला, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात काम करतो भलताच, आणि सही आणतात दुसऱ्याची, पैसे मोजून, घर न बघता. मेगरचा आकडा टेबलावरच लिहिलेला. घरमालकाला वाटतं हा सरकारी कागद आहे, मिळाला म्हणजे झालं. तुमच्या घराचा टेस्ट रिपोर्ट कुणी दिला आणि तो माणूस तुमच्या घरी कधी आला होता का, एवढं विचारून बघा.

तीन महिन्यांच्या क्लासबद्दल लोक विचारतात, कारण दारोदार त्यांच्याच पाट्या आहेत. माझं मत कडक आहे. ज्याला स्वतःच्या घरापुरतं कळून घ्यायचंय, किंवा आधीच वर्षानुवर्षं काम करतोय आणि थोडं शास्त्र हवंय, त्यानं जावं. तिथं आजचं सामान दाखवतात, मॉड्यूलर, डीबी, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर. यात ते आयटीआयच्या पुढं आहेत हे मान्य करायला हवं. पण 'सरकारमान्य प्रमाणपत्र' या शब्दांवर जाऊ नका. त्या कागदावर तारतंत्री परवाना मिळतो का, महावितरणच्या भरतीत चालतो का, हे फी भरायच्या आधी लेखी मागा. तोंडी 'हो हो, चालतंय' पुष्कळ ऐकू येईल. सोलरचं म्हणाल तर आयटीआय झालेल्यांसाठी राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र नावाचा साधारण तीन महिन्यांचा कार्यक्रम आहे. २०१५ पासून चालू आहे. आता सूर्यघर योजनेमुळे छताछतावर पॅनेल चढताहेत, तेव्हा वीजतंत्रीवर हे एक पाऊल घालणं शहाणपणाचं. सोलरची डीसी बाजू दिवसाउजेडी बंद करता येत नाही, पॅनेलवर ऊन आहे तोवर व्होल्टेज आहे. नुसतं घरगुती काम केलेल्या माणसाच्या ते अंगवळणी नसतं.

आमच्या तुकडीतल्या बहुतेक पोरांचं लक्ष मात्र एकाच ठिकाणी होतं : महावितरणची विद्युत सहाय्यक भरती. दहावी आणि वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड, हीच पात्रता. २०२३ च्या शेवटी निघालेल्या जाहिरातीत ५,३४७ जागा होत्या. पहिली तीन वर्षं मानधनावर, पहिल्या वर्षी महिना पंधरा हजार, दुसऱ्या वर्षी सोळा, तिसऱ्या वर्षी सतरा असं चढत, आणि मग तंत्रज्ञ. नोकरी पक्की म्हणून घरचे खूश असतात. पण पावसात, रात्री, पोलावर जायचं काम आहे, आणि तिथं समोर कुठल्या बाजूनं कुणाचा जनरेटर उलटा सप्लाय देतोय ते माहीत नसतं. सरकारी नोकरी म्हणून नुसते उड्या मारणाऱ्यांनी एखाद्या लाइनमनबरोबर वादळानंतरची एक रात्र फिरून बघावी. मुलाखत देण्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.

कुणी हा कोर्स करू नये? ज्याला तीन महिन्यांत कमवायचंच आहे, घरची गरजच तशी आहे, त्यानं चांगल्या ठेकेदाराच्या हाताखाली जावं, पण ठेकेदाराचा परवाना भिंतीवर बघूनच. ज्याला पाठांतर जमतं पण हात घाण करायचा कंटाळा आहे, त्यानं दुसरं काही बघावं. आणि रंग ओळखायला ज्याला अडचण आहे त्यानं आधी डोळे तपासून घ्यावेत. लाल-हिरव्याचा घोळ या धंद्यात परवडत नाही.

शेवटी लग्न झालेल्या बायकांसाठी एक कामाची गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं. आयटीआयचा अर्ज कुठल्या नावानं भरायचा हे आधीच ठरवा, कारण एनटीसीवर जे नाव छापून येईल तेच पुढं अप्रेंटिसच्या नोंदणीला, परवान्याच्या अर्जाला आणि भरतीला लागणार. दहावीचं आणि एनटीसीचं नाव एकच ठेवलं तर पुढं सोपं जातं. आधारवरचा फरक दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जवळ ठेवा. फोटोकॉपी नको, मूळ कागद घेऊन जा. आणि दोन वर्षांचं प्रात्यक्षिकाचं जर्नल रद्दीत घालू नका. स्टार-डेल्टाची कंट्रोल जोडणी मी आजही त्यातूनच बघते.